आधी ब्रेक, मग इंजिन

माझी खुर्ची त्याला मिळाली तेव्हा त्याने सगळ्यात आधी तिची उंची वाढवली. मी बुटका माणूस. इतकी वर्षं ती खुर्ची माझ्या गुडघ्यांच्या मापाने खाली बसवलेली होती. तो आला, खालची दांडी ओढली, सुस्स आवाज करत खुर्ची वर गेली आणि काउंटरवर मोबाईल ठेवून तो म्हणाला, "सदीक, वायफायचा पासवर्ड काय?"

सदीक म्हणजे मित्र. पण सौदीत हा शब्द आपल्या माणसाला कुठल्या सुरात म्हणतात ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

दुकान अल-खोबरमधलं, गाड्यांच्या सुट्या भागांचं. जेद्दाच्या अल अझीझियात एका गॅरेजमध्ये गाड्यांखाली झोपून मी सुरुवात केली होती. तिथून इकडे पूर्वेला आलो. त्या वेळी दुकानाच्या जागेत गंजलेले दोन रॅक होते आणि मालकाला, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा होता त्या माझ्या कफीलाला, त्या जागेचं काय करावं ते सुचत नव्हतं. रॅक भरले मी. दम्मामचे घाऊक व्यापारी मी बांधले. कोणाला किती उधारी द्यायची, कोणाचा चेहरा बघून नाही म्हणायचं, हे सगळं मी ठरवायचो. कफील वर्षाचे पैसे घ्यायचा आणि समाधानी असायचा. एकदा कहवा पिताना त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "हे दुकान अर्धं तुझं आहे." कागदावर मी सेल्समन होतो. शब्दाला कागद लागत नाही, असं तेव्हा मला वाटायचं. रत्नागिरीत आमच्या मोहल्ल्यात तरी लागत नसे.

मग नियम आला. आमच्या धंद्यात काउंटरवर सौदी माणूस पाहिजे, परदेशी सेल्समन चालणार नाही. रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात हेच झालं. कोणी निघून गेले, कोणी बाहेर एक सौदी बसवला आणि आपण आत सरकले. कफीलाने माझ्या इकाम्यावरचा, म्हणजे राहण्याच्या परवान्यावरचा, हुद्दा बदलून मेकॅनिक केला आणि काउंटरवर आपल्या बहिणीचा मुलगा बसवला. मी मागच्या गोदामात. मध्ये प्लायवुडचं पार्टिशन, त्याला माल द्यायची एक खिडकी.

त्या प्लायवुडवर आमचा धंदा चालायचा. भाच्याला फॅनबेल्ट आणि टायमिंग बेल्ट यांतला फरक माहीत नव्हता. गिऱ्हाईक काय मागतंय ते मी आतून ऐकायचो, डबा खिडकीतून सरकवायचो आणि भाव चालू झाला की फळीवर टकटक करायचो. एक टक म्हणजे इथेच थांब. दोन टक म्हणजे थोडं सोड. आणि मुठीचा धक्का म्हणजे गिऱ्हाइकाला जाऊ दे, दारापर्यंत जाऊन परत येईल. येतंच. दारापर्यंत गेलेल्या माणसाची पाठ मला आतून, न बघता ओळखता यायची. पण त्या पाठीशी बोलायची मला बंदी होती. मी बाहेर येऊन एक स्पार्क प्लग जरी विकला आणि तपासणीवाल्याने बघितलं, तर दुकानाला दंड आणि मला घरचं विमान.

भाच्याला या धंद्याचा कंटाळा होता. पंचविशीतला पोरगा, जुबैलच्या एका कंपनीत अर्ज टाकून बसलेला. दिवसभर मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. एकदा कफील दुकानात आला, मला गोदामात घेऊन गेला आणि दार लावून म्हणाला, "माझा भाचा उठून गेला तर मी दुसरा माणूस शोधत बसणार नाही. कॉफीवाला जागा मागतोय. त्याला देईन. तुझं खुरूज लावू."

खुरूज म्हणजे कायमचं घरी. म्हणजे ज्या माणसाने माझी खुर्ची घेतली, तोच खुर्चीत टिकला तर माझं दुकान टिकणार होतं. राग कोणावर काढायचा तेही मला ठरवता येईना.

त्याच सुमारास त्याने गाडी घेतली. जुनी अमेरिकन, दोन दारांची, लांब नाकाची, व्ही-एट इंजिनची. काळा रंग उन्हाने टपावर करडा झालेला. मागच्या मालकाने ती कशी वापरली होती हे तिच्याकडे बघूनच कळत होतं. टायरच्या आतल्या कडा खाल्लेल्या, बंपर खालून घासलेला. भाच्याने ती दुकानासमोर लावली आणि पहिल्यांदाच खिडकीतून डोकं आत घालून माझ्याशी बोलला.

"सदीक, ताकदीसाठी हिच्यावर सुपरचार्जर बसवायचाय. आणि मागे मोठा पाइप. आवाज दम्मामपर्यंत गेला पाहिजे."

माझ्या डोक्यात त्याच वेळी हिशेब सुरू झाला. मी घासाघीस करून जगलेला माणूस आहे. गिऱ्हाइकाला जे हवं ते एकदम दिलं की गिऱ्हाईक गेलं. हप्त्याहप्त्याने दिलं की ते परत येतं. ही गाडी या पोराला खुर्चीत बांधून ठेवणारा दोर होती. फक्त दोर हळूहळू सोडायचा.

मी बाहेर फुटपाथवर गेलो. गाडी बघायला मेकॅनिक बाहेर येऊ शकतो, तेवढं कायद्यात बसत होतं. बोनेट उघडायला लावलं.

"रोज चालवणार की ट्रकवर घालून शर्यतीला नेणार?" मी विचारलं.

"रोज. हिच्यातूनच दुकानात येणार."

"एसी लागणार?"

"ऑगस्टमध्ये? डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग ऐक. रस्त्यावरच्या गाडीचा क्रम वेगळा असतो. आधी ती थांबली पाहिजे. मग रस्ता धरला पाहिजे. मग गार राहिली पाहिजे. त्यानंतर श्वास. सगळ्यात शेवटी ताकद."

"म्हणजे?"

"ब्रेक. टायर. रेडिएटर आणि होजपाइप. फिल्टर आणि मागचा पाइप. मग कॉम्प्युटरचं ट्यूनिंग. सुपरचार्जरचं नाव पुढच्या वर्षी काढ."

तो हसला. "सदीक, मी तुझ्याकडे गाडी आणली, तू मला माझ्या आजीसारखा बोलतोयस."

"तुझी आजी जास्त शहाणी असणार. टायर बघ." मी वाकून टायरवरची तारीख दाखवली. शेवटचे चार आकडे, आठवडा आणि वर्ष. नक्षी दिसायला ठीक होती, पण रबर नखाने दाबलं तर दगड. आमच्याकडच्या उन्हात टायर झिजून मरत नाही, भाजून मरतो. "हे टायर ताकद रस्त्यावर उतरवणार नाहीत. नुसता धूर करतील."

"धूरच पाहिजे."

मी अट घातली. जो भाग गाडीला लावायचा, तो आधी काउंटरवर विकायला शिकायचं. ब्रेक पॅड लावायचे तर कुठल्या गाडीला कुठले पॅड, कुठले कर्कश वाजतात, हे गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे. त्याने मान डोलवली. त्याला वाटलं म्हातारा बडबडतोय. थोडे दिवस त्याने पॅडचे डबे उघडून बघितलेही. मग एका सकाळी तो मोबाईल नाचवत आला.

"मिळाला. सुपरचार्जर. वापरलेला, रियाधहून. आज येतोय. शुक्रवारी मित्र हाफ मून बीचला जमणार आहेत, त्याच्या आत लावून दे."

"नाही."

"तू नाही कोण म्हणणार?"

"ज्याला ब्रेक लावता येतात तो."

तिथे थांबायला हवं होतं. पण माझं डोकं तापलं की मी तोंडाचा भाव ठरवत नाही. मी त्याला म्हणालो की तुला खुर्ची फुकट मिळाली, गाडी मामाच्या पैशाने मिळाली, आता मरणही आयतं हवंय. दुकानात गिऱ्हाईक होतं. भाच्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने दुकानाच्या चाव्या काउंटरवर टाकल्या.

"खलास," तो म्हणाला. "बस तूच तुझ्या खुर्चीत."

आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी अर्धं शटर उघडून आत बसलो. जुहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाआधी रस्त्याच्या टोकाकडून शटर पडायचा आवाज यायला लागला. एक, मग दुसरं, मग सरसर सगळी. आमच्या रस्त्यावर तपासणीची गाडी आली की असंच कळायचं, बातमी शटरवरून यायची. मीही शटर ओढलं. एसीचा आवाज बाहेर जातो म्हणून बंद केला. अंधारात गोदामातल्या पत्र्याला हात लावला तर चटका. शर्ट भिजून अंगाला चिकटला. बाहेर कोणीतरी शटरवर थाप मारली. मी श्वास धरला. स्वतः भरलेल्या रॅकच्या मध्ये चोरासारखा उभा होतो आणि चोरून काही नेतही नव्हतो.

थाप मारणारा पुढे गेला. मोबाईल खिशात थरथरला. कफील.

"भाचा कुठे आहे?"

मी कुजबुजत म्हणालो, "येईल."

"कुजबुजतोस का?"

"घसा बसलाय."

"कॉफीवाला आज भेटला होता," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

शटरं पुन्हा वर जायला लागली तेवढ्यात माझ्या मेहुण्याचा फोन आला. बायकोचा धाकटा भाऊ, सनाइयात, म्हणजे इकडच्या गॅरेजवस्तीत, मेकॅनिक. त्याच्या कफीलाला आणखी एक मेकॅनिक हवा होता आणि हा पठ्ठ्या मला दर आठवड्याला टोचायचा की भावजी, शेठगिरी सोडा, या इकडे पाना धरायला.

"भावजी, तुमचा शेठ आलाय इकडे," तो म्हणाला. "खोका भरून सामान आणलान. म्हणतो, आत्ताच्या आत्ता चढव. चढवू?"

"त्याला हात लावू नकोस."

"तो म्हणतो तू नाही लावलंस तर शेजारचा लावेल. शेजारचा तर हात धुऊन बसलाय."

"चहा पाज. मी येतो."

"चहा पाजला. दोन कप झाले. तिसऱ्याला तो माझं डोकं पिईल."

टॅक्सीत बसल्यावर मी खरं सांगायचं तर वेगळाच विचार करत होतो. बसवू दे. सुपरचार्जर लागला की पोरगा खूश. उद्या परत खुर्चीत. कफील खूश, कॉफीवाला परत. त्या थकलेल्या इंजिनाचं, उकळणाऱ्या रेडिएटरचं, दगडी टायरांचं जे व्हायचं ते शुक्रवारी हाफ मूनच्या रस्त्यावर होईल आणि त्यात माझा हात नसेल. माझ्याकडून तर त्याने ऐकलंच नव्हतं. मला तो विचार आवडला. बराच वेळ आवडला. सनाइयाच्या फाटकापर्यंत मी तो चघळला. त्याला काही झालं तर खुर्ची पुन्हा रिकामीच होणार, एवढंच मला आडवं आलं. चांगुलपणा आडवा आला असं लिहिलं तर ते खोटं होईल.

गॅरेजमध्ये भाचा गाडीला टेकून उभा होता. मला बघून त्याने मान फिरवली. शेजारच्या गॅरेजमधला उस्ताद खोक्यात डोकावत होता.

"सौदा करू," मी म्हणालो.

"तुझ्याशी नाही."

"किल्ली दे. गाडी मी चालवतो, तू बाजूला बस. परत आल्यावर तू म्हणशील तर हे खोकं मी स्वतः बसवीन. मजुरी नको."

मजुरी नको, हे माझ्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो थोडा चक्रावला. मेहुणा मागून मराठीत पुटपुटला, "भावजी, तिचं ब्रेक ऑइल काळं झालंय, बघितलंय मी."

"म्हणूनच," मी म्हणालो.

आम्ही हाफ मूनच्या रस्त्याला लागलो. असरच्या नमाजानंतरचं कलतं ऊन, दोन्ही बाजूंना वाळू, रस्त्यावरही वाळूचे पातळ पट्टे वाऱ्याने सरकत होते. पुढे मागे कोणी नाही असं बघून मी पाय दाबला. खरं सांगतो, इंजिन थकलेलं असूनही गुरगुरलं तेव्हा माझ्याही छातीत काहीतरी हललं. काटा एकशेचाळीसवर गेला. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी नाक खाली घालून थांबत आली. भाचा हसला.

"बघ, थांबते."

पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. या वेळी पेडल जरा खोल गेलं आणि गाडीने डावीकडे ओढ घेतली. जळका वास आला. भाचा हसायचा थांबला.

"बस झालं," तो म्हणाला.

"तुझे मित्र एकदाच ब्रेक मारून घरी जाणार आहेत का?"

तिसऱ्यांदा मी वेग घेतला. माझा अंदाज होता की अजून एकदा तरी ती थांबेल. तो अंदाज चुकला. समोर दूरवर वाळूतल्या फाट्यावरून पाण्याचा टँकर हळूहळू रस्त्यावर येत होता. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ जमिनीला टेकला. पेडलमध्ये काही नव्हतंच. पाव चुरगळावा तसं. मी पुन्हा पुन्हा मारलं, गिअर खाली ओढला, इंजिन किंचाळलं. टँकरचं मागचं चाक मोठं होत आलं. भाच्याने माझं मनगट धरलं होतं आणि तो अरबीत काहीतरी पुटपुटत होता. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी वाळूत गेली, बाजूने घसरली, काचेवर वाळूचा पडदा आला आणि मग सगळं थांबलं.

टँकरवाला पुढे निघूनही गेला. त्याला बहुतेक आम्ही दिसलोच नव्हतो.

मी इंजिन बंद केलं. भाचा दार उघडून बाहेर गेला. वाळूत थोडा चालला. परत येऊन पुढच्या चाकापाशी वाकला आणि आऱ्यांच्या फटीतून बोटं आत घातली.

"आह!" त्याने हात झटकला. बोटांची टोकं लाल झाली होती. ती तोंडात घालून तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे एवढं तापतं?"

त्याने मला विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता. आधीचे सगळे हुकूम होते.

"डिस्क तापते," मी म्हणालो. "तिच्यामुळे ऑइल तापतं. जुन्या ऑइलमध्ये पाणी असतं. ते उकळलं की वाफ होते. मग तू वाफेवर पाय ठेवून बसतोस."

"आणि सुपरचार्जर लावला असता तर?"

"तर याच वाफेवर जास्त वेगात आला असतास."

ब्रेक गार झाल्यावर गाडी वाळूतून काढली, आणि परतताना आम्ही तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. सनाइयात पोचल्यावर त्याने खोकं बंद केलं आणि मेहुण्याला म्हणाला, "ब्रेक किती दिवसांत?"

मेहुणा माझ्याकडे बघत मराठीत म्हणाला, "काय केलंत ओ याला? भूत दाखवलंत काय?"

तो दुसऱ्या सकाळी काउंटरवर होता. मग क्रमाने सगळं झालं. ब्रेकचे पॅड, डिस्क, नवं ऑइल. मग टायर. ते घेताना त्याने टायरवाल्याला त्याच्या गोदामातून चार वेगवेगळे काढायला लावले आणि प्रत्येकाची तारीख वाचली. रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट. फिल्टरच्या वेळी तो उघडा, शंकूसारखा चमकणारा फिल्टर घेऊन आला. मी म्हटलं, इथली वाळू पिठासारखी असते, ती गाळायला बंद डब्यातला कागदी फिल्टरच बरा, आणि उघडा फिल्टर इंजिनाची गरम हवाच पितो. तो भांडला नाही. विचारलं, "मग हे विकायचं कोणाला?" मी म्हणालो, "जो तुझ्यासारखा हट्ट करेल त्याला." मागचा पाइप बदलला, पण कंपनीचा जुना पाइप नाव लिहून गोदामात ठेवला. वार्षिक तपासणीला, फहसला, जायचं तेव्हा आमच्याकडे सगळेच जुना पाइप चढवतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात. शेवटी ट्यूनिंग झालं. त्या दिवसापासून लाल पंपाचं पंच्याण्णव पेट्रोलच घालायचं, हिरवं स्वस्तातलं एक्क्याण्णव नाही, हे त्याने स्वतः टाकीच्या झाकणावर अरबीत लिहून चिकटवलं. कारण कफील कधीमधी गाडी मागून न्यायचा आणि कफीलाचा हात हिरव्या पंपाकडेच जायचा.

गाडी आता वेगळी झाली होती. मुद्दाम वेगात चालवली तरी घाबरवायची नाही. आणि दुकानही वेगळं होत चाललं होतं, ते मला उशिरा कळलं. भाचा फळीकडे कान लावायचा बंद झाला. माझी एक टक व्हायची आणि तो आधीच थांबलेला असायचा. मी मुठीने धक्का द्यायचो आणि तो गिऱ्हाइकाला हसून चहा विचारत असायचा. पोरं आपापल्या गाड्या घेऊन त्याच्याकडे यायला लागली. पार जिझानहून फोन यायचे. सदीकचा मी अम, म्हणजे काका, कधी झालो ते लक्षात नाही. त्यामुळे पगार वाढला नाही.

एकदा एक पोरगा मोठ्या आवाजाचा पाइप मागायला आला. भाचा बाहेर जाऊन त्याची गाडी बघून आला आणि म्हणाला, "टायर बदल, मग ये." पोरगा निघून गेला. मी खिडकीतून ओरडलो, "अरे, पाइप पण विकायचा, टायर पण सांगायचे! परत कशाला पाठवलास?"

"तो परत येईल," तो म्हणाला.

आला. त्याच संध्याकाळी आला आणि दोन्ही घेऊन गेला. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मी गोदामात जाऊन विनाकारण ऑइलचे डबे एका रॅकवरून दुसऱ्या रॅकवर ठेवत बसलो.

मग कफीलाने घरी बोलावलं. भाचाही होता. कहवा झाला, खजूर झाले. कफील म्हणाला, "अलहम्दुलिल्लाह, पोरगा शिकला. दुकान आता त्याच्या नावावर करतोय. तू मेकॅनिक म्हणून राहा, इकाम्याचं मी बघतो. पण हिशेब, माल, सगळं तो."

मी म्हणालो, "अर्धं माझं म्हणाला होतात."

"कधी?"

"याच सतरंजीवर बसून."

त्याने नाकारलं नाही. तेच जास्त लागलं. तो शांतपणे म्हणाला, "ते दिवस वेगळे होते."

मी उठलो. जे बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं सांगतो की दिवस वेगळे होत नाहीत, माणसं होतात, असं मी म्हणालो आणि कहव्याचा कप ठेवताना तो फुटला. कफीलही उभा राहिला. "याला घेऊन जा," तो भाच्याला म्हणाला.

भाच्याने मला गाडीत बसवलं. मगरिबची, सूर्य बुडतानाची, नमाज व्हायची होती. समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या अलीकडच्या सिग्नलला आम्ही थांबलो. शेजारी एक लाल गाडी येऊन उभी राहिली, आत दोन पोरं, आणि इंजिन भुर्र भुर्र करून आम्हाला डिवचायला लागली.

"सोड," मी म्हणालो.

"काय?"

"सोड! दाखव त्याला. एवढं सगळं कशाला केलं मग?"

दिवा हिरवा झाला. लाल गाडी टायर जाळत गेली. भाचा नेहमीच्या वेगाने निघाला.

"राग तुमचा आहे," तो म्हणाला. "दंड मला बसेल."

माझ्या इमारतीखाली त्याने गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही.

"उद्या येणार?"

"नाही. सनाइयात मेहुण्याच्या कफीलाला मेकॅनिक पाहिजे. मला बदली पाहिजे."

"मामा चिडलाय. तो तुम्हाला सोडायला महिने लावेल. तोवर इकामा संपेल."

"तू सांगितलंस तर?"

"मी सांगितलं तर करेल." तो थांबला. रस्त्याकडे बघत राहिला. मी वाट बघितली. तोही वाट बघत राहिला. शेवटी मीच विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"दुकानातून पाठवलेली गाडी तुमच्याकडे आधी लागली पाहिजे. रांगेत नाही. आणि काम तुम्ही स्वतः बघायचं, मेहुण्यावर सोडायचं नाही."

"मग मला माल खरेदीच्या भावाने."

"खरेदीच्या वर दहा टक्के."

"पाच."

"दहा."

"अरे, ते रॅक मी भरलेत!"

"माहितीये," तो म्हणाला. "दहा."

मी सात म्हणालो, मग आठ म्हणालो. तो एकदाही खाली आला नाही. समोरच्या बकाल्याचा, किराणा दुकानाचा, दिवा लागला, अजान सुरू झाली.

"दहा," मी म्हणालो आणि उतरून दार जोरात आपटलं.

त्याने काच खाली केली. "अम, हळू. बिजागरी तुम्हीच बदललीये."

थोड्याच दिवसांत मोबाईलवर सरकारकडून कफील बदलण्याची विचारणा आली, मान्य की अमान्य. चहा उकळेपर्यंत मी ती तशीच ठेवली. मग मान्य केलं आणि रत्नागिरीला बायकोला फोन लावला.

"आणि दुकान?" तिने विचारलं.

"गेलं."

तिच्या मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"भांडलात ना?"

"भांडलो."

"बरं केलंत," ती म्हणाली. "माझ्या भावाशी नका भांडू आता."